विमानतळाच्या नावानं फाडलेलं बिल

गेल्या वर्षी सांबऱ्यात एका लग्नाच्या रिसेप्शनला आमच्या बँडचा कार्यक्रम होता. पहिली दोन गाणी मस्त झाली. तिसऱ्याच्या ध्रुवपदाला आम्ही चौघं पुढं सरकलो, गायिकेच्या खांद्याला खांदा लावून उभे राहिलो आणि स्पीकरमधून 'खर्रर्र' असा आवाज आला. तिचा माईक गेला. परत आला, परत गेला. ती ओठ हलवतेय आणि समोरच्या माणसांना ऐकू येतोय तो फक्त ढोलकीचा ठेका.

मुलाकडचे एक मामा स्टेजपाशी आले आणि त्यांनी निकाल देऊन टाकला. "विमानतळ हाय की रे शेजारी. रडार असतंय तिथं. हितं माईक चालणारच न्हाईत." मांडववाल्यानं मान डोलावली. आम्हीही डोलावली, कारण ते कारण आमच्या सोयीचं होतं.

ठरलेल्या पैशातले निम्मेच हातात पडले, त्याचं एवढं वाटलं नाही. वाईट वेगळंच झालं. माईक गेला तेव्हा मी गायिकेवर खेकसलो होतो, "नीट धर की माईक!" लोकांसमोर. दुसऱ्या दिवशी तिनं सांगितलं, "मी वायरच्या माईकवरच गाणार. नाहीतर दुसरी बघा कुणीतरी." तिला वाटत होतं चूक तिचीच आहे, आणि तसं वाटायला मीच लावलं होतं.

वाङ्मय मंडळाच्या अंकात माईकवर लेख कशाला, असं काहींना वाटेल. पण मंडळाचं काव्यवाचन असो, कॉलेजचं गॅदरिंग असो, की कडोली, उचगाव, येळ्ळूर, सांबरा इथली साहित्य संमेलनं असोत, आपल्या सगळ्यांचे शब्द शेवटी त्या मुठीएवढ्या जाळीतूनच लोकांपर्यंत जातात. बिनमाईकचे दिवस गेले. आपल्याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरला जन्मलेल्या अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० मध्ये 'संगीत शाकुंतल' रंगभूमीवर आणलं, तेव्हाच्या नटांना शेवटच्या बाकापर्यंत गळ्याच्याच जोरावर पोचावं लागे. आपला गळा तसा तयार नाही. तेव्हा माईक निवडता आला पाहिजे.

आधी मामांच्या निकालाकडं बघू.

बिनवायरचा माईक म्हणजे एक छोटं रेडिओ स्टेशन. माईकच्या दांडीत ट्रान्समीटर असतो, तो ठरावीक फ्रीक्वेन्सीवर आवाज सोडतो. मिक्सरजवळच्या डब्यात रिसीव्हर असतो, तो तीच फ्रीक्वेन्सी पकडतो. आकाशवाणीचं केंद्र आणि घरातला रेडिओ यांचं जे नातं, तेच. फरक इतकाच की हे केंद्र काही मिलिवॉटचं आणि त्याचा श्रोता एकच. त्यामुळं विमानतळानं माईक बिघडवायचा तर विमानतळाची यंत्रं माईकच्याच फ्रीक्वेन्सीवर बोलायला हवीत. मी शोधून बघितलं. वैमानिक आणि टॉवर यांचं बोलणं ११८ ते १३७ मेगाहर्ट्झमध्ये चालतं. विमानाला धावपट्टीवर नेमकं उतरवणाऱ्या यंत्रणेचे इशारे १०८ ते ११२ आणि ३२९ ते ३३५ च्या आसपास असतात. वायुदलाचं हवाई संभाषण २२५ ते ४०० मध्ये. विमान स्वतःची ओळख सांगतं ते १०९० वर, आणि धावपट्टीवरच्या आकाशावर नजर ठेवणारी रडारं सहसा २७०० च्या वर. आमचे माईक होते ५०० ते ७०० च्या मधल्या पट्ट्यात. म्हणजे सांबऱ्याचा विमानतळ आमच्या खालूनही जात होता आणि वरूनही. मध्ये आम्हीच होतो.

मग गुन्हेगार कोण?

एका रविवारी घराच्या गच्चीवर सगळा संसार मांडला. आमच्याकडं चार स्वस्त माईक होते, दोन-दोनच्या जोड्यांत घेतलेले, फ्रीक्वेन्सी कारखान्यातच पक्क्या केलेल्या, बदलता न येणाऱ्या. गायिकेचा माईक बंद ठेवला, पण त्याचा रिसीव्हर चालू ठेवला. माईकच बंद, त्यामुळं रिसीव्हरवरचा सिग्नलचा दिवा विझलेला. दुसरा माईक चालू केला, दिवा विझलेलाच. तिसराही चालू केला आणि दोन्ही एका मुठीत धरले. पहिल्याचा दिवा लागला! बंद माईकचा रिसीव्हर काहीतरी ऐकत होता.

याला इंटरमॉड्युलेशन म्हणतात. नाव अवघड असलं तरी गणित सातवीतलं आहे. दोन ट्रान्समीटर जवळ आले की त्यांचे सिग्नल एकमेकांच्या यंत्रात शिरतात आणि तिथं नवीन, कुणीही न मागितलेल्या फ्रीक्वेन्सी जन्माला येतात. त्यातल्या सगळ्यांत त्रासदायक कशा काढायच्या? एकीची दुप्पट करायची आणि त्यातून दुसरी वजा करायची. समजा तीन माईक ६००.०, ६००.४ आणि ६००.८ वर आहेत. दिसायला किती छान, समान अंतरावर! आता मधल्याची दुप्पट करा, १२००.८. त्यातून शेवटचा ६००.८ वजा करा. उरले ६००.०. म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या माईकनं मिळून पहिल्याच्या घरात भूत सोडलं. समान अंतर हीच इथं चूक ठरते.

माईक वाढले की ही भुतं नुसती वाढत नाहीत, उसळतात. दोन माईक असतील तर अशा दोन फ्रीक्वेन्सी तयार होतात. तीन माईकला नऊ. चारला चोवीस. आठ माईक लावलेत तर २२४. आणि हे फक्त जवळच्या, त्रासदायक जातीचं मोजमाप.

आता सांबऱ्याचं तिसरं गाणं आठवा. पहिल्या दोन गाण्यांना सेल वाचवायचे म्हणून आम्ही दोनच माईक चालू ठेवले होते. तिसऱ्याला चारही चालू झाले. आणि ध्रुवपदाला आम्ही प्रेमानं एकमेकांना चिकटून उभे राहिलो. गायिकेचा माईक आम्ही तिघांनी मिळून पाडला होता, आणि तिला सांगत होतो नीट धर.

हे कळल्यावर मी तिच्या घरी गेलो. ती म्हणाली, "मग आता काय, दुसरे घ्यायचे?" मी म्हटलं, "घ्यायचे. पण तू निवडायचेस."

आमच्याकडं सगळं मिळून सत्तर हजार होते. नावाजलेल्या कंपनीचे बिनवायरचे चार संच त्यात बसणं शक्यच नव्हतं. दोन कसेबसे बसत होते. म्हणून पहिला प्रश्न कंपनीचा आलाच नाही. प्रश्न आला, बिनवायरचा माईक हवाय कुणाला? की-बोर्डवाला जागचा हलत नाही. ढोलकीवाला बसून कोरस देतो. त्यांना वायरचा माईक आणि स्टँड दिला की काम झालं. हिंडते ती गायिका, आणि प्रेक्षकांत उतरतो तो निवेदक. दोनच! हा हिशेब दुकानात जायच्या आधी कागदावर मांडा, निम्मे पैसे इथंच वाचतात. वायरच्या माईकला कमी लेखू नका. शुअर कंपनीचा एसएम५८ हा वायरचा माईक १९६६ पासून बाजारात आहे आणि जगभरच्या स्टेजवर अजून तोच दिसतो. वायरला सेल लागत नाहीत, भुतं लागत नाहीत.

दुसरा प्रश्न कुठल्या पट्ट्यातला घ्यायचा. दुकानदार सहसा दोन जाती दाखवतात. एक २.४ गिगाहर्ट्झवाले डिजिटल. आपल्याकडं या पट्ट्याला परवाना लागत नाही, लावलं की सुरू. पण वाय-फाय आणि ब्लूटूथ याच गल्लीत राहतात. मोकळ्या हॉलमध्ये दुपारी साउंड टेस्ट घेतली की सगळं उत्तम, आणि संध्याकाळी प्रत्येकाच्या खिशात फोन असलेले चारशे लोक आले की गल्लीत पाय ठेवायला जागा नाही. शिवाय माणसाच्या शरीरात पाणीच पाणी, ते या लहरी शोषून घेतं. छोट्या हॉलला, एक-दोन माईकला हे चालतात. चिकोडी-निपाणीकडच्या उघड्या मैदानावरच्या कार्यक्रमाला मी नेणार नाही.

दुसरी जात यूएचएफ, म्हणजे साधारण ४७० च्या पुढच्या पट्ट्यातले. पूर्वी इथं दूरदर्शनची चॅनेलं असायची. दूरदर्शननं आपले बहुतेक जुने ॲनालॉग ट्रान्समीटर बंद केल्यामुळं आता जागा बरीच मोकळी आहे. मात्र ७०० च्या वरचा माईक फुकट मिळाला तरी घेऊ नका. ७०३ ते ८०३ या पट्ट्यातला काही भाग २०२२ च्या लिलावात मोबाईलच्या फाइव्ह-जीसाठी गेला. त्याच्याही वर ८०० आणि ९०० मध्ये मोबाईल आधीपासून आहेतच. ही सूचना मुद्दाम करतोय, कारण आपल्याकडं कुणाचा तरी भाऊ नाहीतर आत्या परदेशात असते आणि 'तिकडं स्वस्तात मिळाला' म्हणून संच येतो. अमेरिकेत ६९८ ते ८०६ मधले माईक वापरायला जून २०१० पासून बंदी आहे, आणि ६०० च्या पट्ट्यातला बराच भाग जुलै २०२० पासून बंद झाला. तिथं निकामी झालेला माल स्वस्त होणारच. संचाच्या पाठीवर फ्रीक्वेन्सी छापलेली असते, पैसे द्यायच्या आधी ती वाचा. आणि त्या संचाला आपल्या सरकारची मंजुरी आहे का, परवान्याचं काय, हे दुकानदाराला तोंडावर विचारा. उत्तर देताना तो घुटमळला तर त्यातून कळायचं ते कळतं.

यूएचएफमध्ये घ्यायचा तर फ्रीक्वेन्सी बदलता येणारा घ्या. चांगल्या संचात 'ग्रुप' आणि 'चॅनेल' असतात. मघाचं वजाबाकीचं गणित कंपनीनं आधीच सोडवून, एकमेकांच्या घरात भूत न सोडणारी चॅनेलं एका ग्रुपमध्ये ठेवलेली असतात. म्हणून दोन्ही माईक एकाच कंपनीचे, एकाच जातीचे घ्यायचे आणि दोन्हींना एकाच ग्रुपमधली वेगवेगळी चॅनेलं द्यायची. एक या कंपनीचा आणि एक त्या कंपनीचा घेतला की दोघांची गणितं जुळत नाहीत.

रिसीव्हरला दोन अँटेना दिसल्या म्हणजे झालं, असं नाही. लहरी भिंतीवर, पत्र्याच्या शेडवर आपटून परत येतात आणि सरळ आलेल्या लहरीला कधीकधी खोडून टाकतात. स्टेजवर अशा मुक्या जागा तयार होतात. पाऊलभर सरकलं की आवाज परत येतो. ६०० मेगाहर्ट्झची लहर अर्ध्या मीटरची असते, त्यामुळं एक अँटेना मुक्या जागेत असेल तर थोड्या अंतरावरची दुसरी बहुधा नसते. खऱ्या 'ट्रू डायव्हर्सिटी' संचात दोन अँटेनांना दोन स्वतंत्र रिसीव्हर असतात आणि ज्याचा सिग्नल चांगला तो आपोआप घेतला जातो. स्वस्तातल्या काही डब्यांना दुसरी अँटेना नुसती शोभेला असते. कुंकवाला धनी म्हणतात तशी. ओळखायचं कसं? दुकानात माईक हातात घेऊन चालत बाहेर जा आणि मित्राला डब्यावरचे ए आणि बी असे दोन दिवे आलटून पालटून लागतात का ते बघायला सांगा.

ॲनालॉग की डिजिटल, यावर मुलं तासन्‌तास भांडतात. डिजिटलला आवाज पोचायला दोन ते सहा-सात मिलिसेकंद उशीर होतो, हे खरं. पण आवाज हवेतून एक मीटर जायलाच सुमारे तीन मिलिसेकंद घेतो. म्हणजे स्पीकरपासून दोन पावलं मागं उभं राहिल्यासारखं. गाणाऱ्याला ते जाणवत नाही. ॲनालॉग संचात आवाज पाठवताना दाबतात आणि पलीकडं परत फुलवतात. स्वस्त संचात ही दाबादाबी धसमुसळी असते, शब्दाच्या शेवटी श्वासासारखी सळसळ ऐकू येते.

आमच्या गायिकेनं याच्यावर एक परीक्षा काढली, आणि या अंकाच्या वाचकांना ती आवडेल. दुकानात लोक माईकमध्ये 'हॅलो, हॅलो, चेक' म्हणतात. 'हॅलो'त तपासण्यासारखं काही नाही. ती म्हणायची, "चार चारा. जग जागा. भाऊ, फूल, खीर, घर." आपल्या मराठीत च दोन आहेत. 'चार'मधला टाळूचा आणि 'चारा'मधला दातांचा. ज चंही तसंच, 'जग'मधला एक आणि 'जागा'मधला दुसरा. दातांच्या च मध्ये जो सित्कार असतो तो फार वरच्या पट्टीत असतो, आणि वरची पट्टी नीट न पाठवणारा माईक दोन्ही च एकसारखे करून टाकतो. भ, फ, ख, घ यांत श्वासाचा झोत असतो. जाळीच्या आतला फोम पातळ असेल तर प्रत्येक 'भ'ला स्पीकरमधून धप्प आवाज येतो. तीन संच तिनं या परीक्षेत नापास केले. त्यातला एक सगळ्यांत चकाचक होता. दुकानदार वैतागला, पण चौथ्याला स्वतःच म्हणाला, "मॅडम, ते चारा म्हणून बघा की."

माईकचं डोकं कुठल्या बाजूनं ऐकतं तेही विचारून घ्या. कार्डिऑइड समोरून ऐकतो आणि बरोबर मागं बहिरा असतो, म्हणून मॉनिटर गाणाऱ्याच्या नेमका समोर ठेवायचा. सुपरकार्डिऑइड बाजूचं आणखी कमी ऐकतो, पण त्याला मागून थोडं ऐकू येतं. त्याच्या बहिऱ्या जागा मागं दोन्ही बाजूंना तिरक्या असतात, म्हणून मॉनिटरही तिरके ठेवायचे. माईक बदलला आणि मॉनिटर तिथंच राहिला की शिट्टी वाजते आणि शिव्या साउंडवाल्याला बसतात. रॅप गाणाऱ्यांसारखी जाळी मुठीत दाबली तर दोन्ही जाती बिघडतात, माईक चहूकडून ऐकायला लागतो. बहुतेक माईकची अँटेना दांडीच्या बुडाशी असते, तिथंही मूठ आवळायची नाही. मी त्या दिवशी खेकसलो त्यात एवढाच शेंगदाण्याएवढा खरेपणा होता.

सेलबद्दल थोडक्यात. दोन पेन्सिल सेलवर चालणारा संच घ्या, ते सेल निपाणीच्या पानपट्टीवरही मिळतात. कंपनीची खास बॅटरी असलेला माईक रात्री दहाला बसला की संपलं. रीचार्जेबल सेल वापरत असाल तर ते १.२ व्होल्टचे असतात आणि साधे १.५ चे, त्यामुळं माईकवरचा बॅटरीचा दिवा लवकर घाबरवतो. घाबरायचं नाही, पण कार्यक्रमाआधी भरलेलेच घालायचे. कालचे उरलेले सेल हे भांडणाचं मूळ आहे.

आम्ही शेवटी यूएचएफचे दोन घेतले, सत्तरातले थोडे उरले त्यात वायरी आणि स्टँड आले. रिसीव्हर आता मिक्सरजवळ मांडवाच्या टोकाला ठेवत नाही. स्टेजच्या कडेला, माणसांच्या डोक्यांपेक्षा उंच, अँटेना इंग्रजी व्ही सारख्या उघडून ठेवतो आणि तिथून लांब वायर मिक्सरला नेतो. एलईडीची भिंत लावली असेल तर तिच्यापासून लांब. ती भिंत नुसता उजेड देत नाही, रेडिओचा कचराही सोडते. म्हणून तपासणी ती भिंत चालू करूनच करायची. आधी आपले माईक बंद ठेवून रिसीव्हर चालू करायचा आणि दिवा लागतो का बघायचा. लागला तर त्या चॅनेलवर आधीच कुणीतरी राहतंय. ग्रुप बदलायचा.

यंदा पुन्हा सांबऱ्यात बोलावणं आलं, त्याच भावकीतल्या दुसऱ्या घरचं. मामा पहिल्या रांगेत होते. गायिकेनं नवा माईक घेतला, दांडीच्या मध्यावर धरला, आणि सुरू करण्याआधी सवयीनं हळूच 'चार चारा' म्हणाली. लोक हसले. दुसऱ्या गाण्याच्या मध्यात विमान उठलं आणि त्याच्या आवाजात तिचा आवाज थोडा वेळ पार बुडाला. मामांनी माझ्याकडं बघितलं. मी रिसीव्हरकडं बघितलं, दोन्ही दिवे हिरवे होते. विमान सुळेभावीच्या बाजूला निघून गेलं, आणि ती अंतऱ्याच्या दुसऱ्या ओळीवर होती.